पारोचा सोमवार

पारोने मांसाकडे बघितलेसुद्धा नाही, हे शालिकरामने दुरूनच हात हलवून सांगितले. बागेच्या पशुवैद्य डॉ. चारुशीला हरदास मान हलवून तिथेच ओट्यावर बसल्या. धीराचे दोन शब्द बोलायला हवेत असे त्यांना वाटले, पण ते नेहमीप्रमाणे वेळेवर सुचले नाहीत.

पारो ही तलावबाग प्राणिसंग्रहालयातली सगळ्यांत म्हातारी वाघीण. पारशिवनीकडच्या एका शेतातल्या विहिरीतून तिला बछडी असताना काढले होते, म्हणून गावाच्या नावावरून पारो. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, एक सुळा तुटला होता आणि मूत्रपिंडे जेमतेम चालत होती. तरीही नागपूरकरांना वाघ बघायचा म्हणजे पारोच बघायची असे. शाळेच्या सहलीत तिला पाहून गेलेली मुले आता आपापल्या मुलांना खांद्यावर घेऊन येत आणि तिची ओळख करून देत, जणू घरातली आत्याच.

रविवारी संध्याकाळी भोपाळच्या प्रयोगशाळेतून निरोप आला. आठवड्यापूर्वी दगावलेल्या बिबट्याला बर्ड फ्लू होता. कोंबड्यांचा हा रोग वाघ-बिबट्यांना लागला की ते आधी सुस्तावतात, अन्न सोडतात, आणि मग फार वेळ देत नाहीत. सोमवारपासून बाग लोकांसाठी बंद झाली. कोंबडीचे मांस बंद झाले. प्रत्येक दारापाशी जंतुनाशक लाल दवेचे पाणी आले आणि त्यात बूट बुडवल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरले. जे कर्मचारी आत होते ते आतच राहिले. घरी जायचे नाही, बाहेरचे कोणी यायचे नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली ही माणसे सगळ्या बागेत फिरू लागली तेव्हा माकडांनी दोन दिवस एकच गोंधळ घातला.

सिंहाची जोडी आणि उरलेले बिबटे मात्र नेमाने जेवत होते. जेवत नव्हती ती एकटी पारो.

सोमवारचे काही नव्हते. सोमवारी बागेला सुट्टी असते आणि त्या दिवशी मांसाहारी प्राण्यांना उपाशी ठेवायचे, हा जुना रिवाज. जंगलात तरी रोज शिकार कुठे मिळते. पण मंगळवारी संध्याकाळी आतल्या पिंजऱ्यात मांस ठेवून सरकते दार उघडले, तर पारो आलीच नाही. आवारातल्या बांबूच्या बेटाखाली पडून राहिली. बुधवारी तेच. आज सकाळी शालिकरामने वेळ सोडून दार उघडून पाहिले, तरी तेच.

ती आत आली असती तर निम्मे काम झाले असते. आतल्या पिंजऱ्याची एक भिंत हळूहळू सरकवता येते. प्राणी एका जागी धरला जातो आणि शेपटीतून चार थेंब रक्त घेता येते. त्याला भूल द्यावी लागत नाही. पण जी आतच येत नाही तिचे रक्त घ्यायचे, तर बंदुकीने भुलीचे इंजेक्शन मारणे आले. ते करायला उद्या सकाळी पथक येणार होते. या वयात, या मूत्रपिंडांवर भूल दिली तर पारो पुन्हा डोळे उघडेल की नाही, हे चारुशीलाबाईंना सांगता येत नव्हते. खरे तर येत होते. म्हणूनच त्या ओट्यावर बसल्या होत्या.

शालिकराम बूट बुडवून, पोशाख बदलून, हात धुऊन त्यांच्याजवळ येऊन बसला. पारो बागेत आली तेव्हापासून तिला खाऊ घालणारा हा माणूस. दोन दिवसांत त्याची गालफडे बसली होती.

"डबा खाऊन घ्या, शालिकराम," त्या म्हणाल्या. बागेच्या उपाहारगृहातून सगळ्यांसाठी डबे येत. "वांग्याचं भरीत आहे आज."

"नाही जी मॅडम. आज माह्या उपास नं. सोमवार."

चारुशीलाबाईंनी डब्याचे झाकण उघडले, भाकरीचा तुकडा मोडला, आणि मग थांबल्या.

"शालिकराम, आज गुरुवार आहे."

"नाही जी."

"अहो, गुरुवार. उद्या शुक्रवारी पथक येणार आहे, नाही का?"

शालिकरामने बागेच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहिले. मग बोटे मोजत मनाशी काही हिशेब केला आणि तो जुळला नाही असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

"मंग काल कोणता होता?"

"बुधवार. काल काय खाल्लंत तुम्ही?"

"काल बी उपास होता वाटते," तो ओशाळून म्हणाला. "चहा घेतला. संत्री खाल्ली दोन."

"आणि परवा?"

शालिकराम पुन्हा बोटे मोजू लागला. चारुशीलाबाईंना आठवले, काल दुपारीही आपण त्याला डबा पुढे केला होता, त्याने हेच उत्तर दिले होते आणि आपण मान डोलावून पुढे गेलो होतो. सोमवारी तर हे बरोबरच होते. मंगळवारी आणि बुधवारी त्याचे चुकले आणि ते आपल्याही ध्यानात आले नाही. त्यांना हसू आले आणि लाजही वाटली.

"मोबाईलवर वार दिसतो की हो."

"वार कोण पाहते मॅडम. मी गर्दी पाहतो. सकाळी उठून गेटाकडे कान द्यायचा. पोरायचा कल्ला आयकू आला का ड्यूटी. शांत असलं का सोमवार. आता रोज उठतो तं शांत. मले वाटते सोमवारच होऊन राहिला."

"पण तुमच्याकडे सोमवार कसा? तुम्ही तर..."

"आमच्याकडे नाहीच," शालिकराम हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला. "छप्पन साली माह्या आजानं दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात कोणता वार नाही का कोणता उपास नाही. हा तिचा सोमवार आहे. पहिल्या वर्षी मी तिच्यासमोर बसून पोळी खाल्ली. ती पाहून राहिली. असं पाहून राहिली का मले घासच उतरला नाही. मंग मीबी धरला. मोहल्ल्यातले विचारतेत, काहून गा शालिक, देवाले लागला का? मी म्हणतो, देवाचा नाही बाप्पा, वाघिणीचा हाये."

चारुशीलाबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांचा हात डब्यावर थबकला.

हा माणूस कानाने वार ओळखतो. मग जिला दिसतच नाही ती वाघीण वार कशाने ओळखत असेल?

विचार डोक्यात आला आणि तितक्याच वेगाने त्यांना तो वेडगळ वाटला. सुस्ती, अन्न सोडणे, बाजूच्या पिंजऱ्यातला बिबट्या गेलेला. कोणताही शहाणा डॉक्टर याला रोगच म्हणेल. पण पारोला शिंका नव्हत्या, नाकातून पाणी नव्हते, ती झोकांडी खात नव्हती. सकाळी तिला बांबूच्या सावलीतून उन्हात सरकून बसताना त्यांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिले होते. आजारी वाघीण जागा बदलायचा एवढा खटाटोप करत नाही. ही वाघीण आजाऱ्यासारखी नव्हे, सुट्टीवर असल्यासारखी पडली होती. सिंह आणि बिबटे तरणे होते, डोळस होते. मांस दिसले की ते कोणताही वार मोडत.

"शालिकराम," त्यांनी विचारले, "सोमवारी पारो संध्याकाळी आत येते का?"

"सोमवारी? काहून येईन? सोमवारी काही भेटत नाही हे तिले मालूम आहे. बांबूखालून हालत नाही ते."

चारुशीलाबाई उठल्या. डबा त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "तुम्ही जेवा. आज गुरुवार आहे."

संचालक महादेवराव आपल्या खोलीत दोन फोन समोर ठेवून बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्याचे बोलणे संपले की ते क्षणभर काहीच बोलत नसत आणि त्या क्षणाची चारुशीलाबाईंना सगळ्या बैठकांत धास्ती असे. दारापर्यंत येताना त्यांनी चार वाक्ये जुळवली होती. आत गेल्यावर त्यातले एकही राहिले नाही.

"सर, पारोला बहुतेक वाटतंय की रोज सोमवार आहे."

महादेवराव क्षणभर काहीच बोलले नाहीत.

"म्हणजे कसं, मॅडम?"

मग त्यांनी सांगितले. अडखळत, मागचे पुढे करत, शालिकरामच्या उपासासकट सगळे सांगितले. महादेवरावांनी ते मन लावून ऐकले आणि उपासाशी आल्यावर चष्मा काढून पुसला.

"हे मी वर काय म्हणून कळवू? वाघिणीला वार कळेना?"

"काही कळवू नका, सर. पथक उद्या येणारच आहे. मला फक्त आजची संध्याकाळ हवी आहे."

"आणि संध्याकाळी काय करणार?"

"गर्दी," चारुशीलाबाई म्हणाल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांना मागाहून कळले.

"बाहेरचा एक माणूस आत येणार नाही, मॅडम. ते विसरा."

"बाहेरचा नको. आतले आहेत तेवढे पुरे. खंदक मध्ये आहे, तिच्यापासून सगळे लांबच राहतील. पोशाख, मुखपट्ट्या, सगळं पाळू."

पुन्हा तो क्षण आला. मग महादेवरावांनी एक फोन उचलून उलटा ठेवला. "करा," ते म्हणाले. "पण मला कुणी हसू नये असं बघा."

ऊन कलायला लागले तेव्हा पारोच्या आवारासमोरच्या कठड्यापाशी आतली सगळी माणसे जमली. तिकीट खिडकीवरची प्रेमिला, माळीकाम बघणारे भैय्याजी, कार्यालयातला कारकून, दोन पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या बाया. सगळे पांढऱ्या पोशाखात. कोण कोण आहे ते फक्त उंचीवरून ओळखू येत होते. चारुशीलाबाईंनी त्यांना काय करायचे ते सांगितले. पण सुरुवात कुणी करावी ते कळेना. शेवटी कारकुनाने घसा खाकरला आणि वाघिणीकडे बघून म्हणाला, "नमस्कार."

"हे काय गा, पगारपत्रकावर सही घ्यायला आला का?" प्रेमिला म्हणाली. "शालिकभाऊ, तुम्ही सुरू करा. तुमाले तं रोजचं मालूम आहे."

"मले नाही जमत वं," शालिकराम कासावीस होऊन म्हणाला. "जिंदगीभर मी लोकायले म्हणत आलो, आवाज करू नका, आवाज करू नका. आता माह्या तोंडातून निघते का?"

"मग सरा बाजूला." प्रेमिलाने कठड्यावर दोन्ही कोपरे टेकले. तिकीट खिडकीच्या काचेआडून रविवारच्या रांगेला पुरणारा तिचा आवाज मुखपट्टीला काय जुमानणार. "अगं बाई, हे पाहा वाघ. पिंट्या, इकडं ये. पिंट्या, कठड्यावर चढू नको, पडशील तं तुह्या बाप मलेच बोलंन. अहो, तुम्ही फोटो काढा नं, नुसते उभे काहून राहिले? आत्याबाईले बी घ्या फोटोत."

बाया खुदखुदू लागल्या. मग भैय्याजींना स्फुरण चढले. त्यांनी हात कमरेवर ठेवले, मान तिरकी केली आणि दर रविवारी कुणीतरी म्हणतोच ते म्हणाले, "ये असली है क्या? हिलता तो नही. अंदर भूसा भरा होगा."

"असली हाये जी, झोपला हाये."

"पैसे देऊन झोपलेला वाघ पाह्याचा?"

"मम्मी, मले आइस्क्रीम पायजे," एक धिप्पाड पहारेकरी बारीक आवाजात रडू लागला.

"वाघ पाहायला आणलं का आइस्क्रीम खायला?" प्रेमिलाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो खरा बसला, त्यामुळे त्याचे रडणेही खरे वाटू लागले. मग कुणी कुणाला थांबवायची सोय राहिली नाही. कारकुनाला कंठ फुटला. तो आपल्या न आलेल्या बायकोला वाघ आणि बिबट्या यांतला फरक चुकीचा समजावून सांगू लागला. दोन बाया भांडल्या, कुणाच्या डोक्यामुळे कुणाला दिसत नाही म्हणून. आपल्या खोलीच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिलेले महादेवराव हळूहळू जवळ आले, हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखे. प्रेमिलाने त्यांना जागा करून दिली. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि खूप वर्षांपूर्वी ऐकलेले काहीतरी आठवल्यासारखे म्हणाले, "बेटा, पाहिलास का, कसा ऐटीत बसलाय." मग ते दुसऱ्यांदा म्हणाले, मोठ्याने.

चारुशीलाबाई दुर्बीण लावून उभ्या होत्या. पारोचा एक कान वळला. मग दुसरा.

"ऐकतेय," त्या कुजबुजल्या, आणि सगळे दुप्पट जोमाने ओरडायला लागले.

पारोने मान उचलली. आवाजाच्या दिशेला तोंड केले, मोठी जांभई दिली आणि पुन्हा पंजांवर हनुवटी टेकली. शालिकरामने मघाशीच मागे जाऊन सरकते दार उघडून ठेवले होते. आत मांस होते. दारापर्यंत चालत जायला वाघिणीला कितीसा वेळ लागतो. पण ती उठली नाही.

ऊन भिंतीवर चढले. माणसांचे घसे बसले. एकेक आवाज थांबत गेला आणि सगळे कठड्याला धरून तिच्याकडे बघत राहिले. चारुशीलाबाईंनी दुर्बीण खाली केली. आपले चुकले, असे त्यांना वाटले, आणि ते वाटणे इतके ओळखीचे होते की त्यात नवे दुःखही नव्हते. या सगळ्यांना मी उगीच वेड्यात काढले. उद्या सकाळी पथक येईल. बंदूक कुणाच्या हातात असेल याचा विचार त्यांनी मनातून बाजूला सारला.

शालिकराम मागच्या बाजूने येऊन त्यांच्याजवळ उभा राहिला. त्याने पारोकडे पाहिले. मग कठड्याला चिकटलेल्या त्या सगळ्या माणसांकडे पाहिले. मग भिंतीवरच्या उन्हाकडे. आणि त्याची चुळबुळ सुरू झाली. बंद व्हायची वेळ उलटून गेली होती आणि लोक अजून उभे होते, हे त्याला बघवेना. पोशाखाच्या आतून चाचपडत त्याने गळ्यातली शिटी काढली, मुखपट्टी खाली ओढली आणि करकचून वाजवली.

"चला, चला, टाइम झाला. गेट बंद होऊन राहिलं. पुढं सरका."

सगळ्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिले. प्रेमिलालाच आधी कळले.

"पाच मिनटं थांबा नं भाऊ," ती गयावया करत म्हणाली. "नरखेडहून आलो जी. एसटी लेट झाली आमची."

"नरखेडहून या का अमेरिकेहून या. टाइम म्हणजे टाइम. उद्या या. ओ भैय्याजी, हाव, तुम्हीच, काठी घेऊन येऊ का?"

"इतना तिकट लिया, और..."

"तिकट त्या बाईले मागा वापस. चला."

तो हात पसरून त्यांना हाकलत निघाला. पहारेकरी आइस्क्रीमसाठी रडत निघाला, बाया भांडत निघाल्या, महादेवरावांना कुणीतरी कोपराला धरून चालवले आणि त्यांनी ते चालवून घेतले. सगळी वरात रस्त्याने लांब लांब होत गेली, चिंचेच्या वळणाआड गेली. आवाज बारीक झाले, मग पायांचे आवाज राहिले, मग तेही थांबले.

चारुशीलाबाई एकट्याच कठड्याशी उरल्या होत्या. आपणही जायला हवे होते, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. त्या जिथे होत्या तिथेच खाली बसल्या आणि गुडघे पोटाशी घेतले.

बांबूखाली पारो उठली.

तिने पुढचे पाय लांब केले, पाठीला बाक दिला, एकदा अंग झटकले. दिवस संपला, माणसे गेली, आता जेवण. आपली रोजची वाट असल्यासारखी, घाई न करता, खाली मान घालून ती दाराकडे गेली आणि अंधारात शिरली. मागच्या वाटेने परतलेल्या शालिकरामने दार सरकवल्याचा आवाज आला.

बाई आतल्या झरोक्यापाशी पोहोचल्या तेव्हा शालिकराम तिथे आधीच होता, भिंतीला पाठ लावून. दोघांनी वाकून पाहिले. पारो मांस पंजांखाली धरून खात होती. तुटक्या सुळ्याच्या बाजूने तिला नीट फाडता येत नव्हते, म्हणून मान तिरकी करून, मधे मधे थांबून, पण खात होती. हाड कडकन मोडले आणि शालिकरामने डोळे मिटले.

बोलायची सोय नव्हती. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्या बाहेर निघाल्या, कारण वळणाआड सगळे ताटकळत उभे होते आणि कुणीतरी जाऊन सांगायला हवे होते.

त्या वळणावर पोहोचल्या. पांढऱ्या पोशाखातली ती सगळी माणसे त्यांच्याकडे वळली. चारुशीलाबाईंनी तोंड उघडले, आणि नेहमीसारखेच काही शब्द आले नाहीत. तेव्हा त्यांनी उजवा हात मुखपट्टीजवळ नेला आणि घास घेतल्यासारखा केला. एकदा. मग पुन्हा.

प्रेमिला रस्त्यातच फतकल मारून बसली आणि हसता हसता रडू लागली. भैय्याजींनी कारकुनाला मिठी मारली. दोघांनाही ती अंतर पाळायच्या नियमाबाहेर असल्याचे ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटीतून रक्त घेतले आणि पथकाला बंदूक गाडीतच ठेवायला सांगितले. भोपाळहून निरोप यायला थोडे दिवस गेले. पारोला काहीही झालेले नव्हते. पण तो निरोप येण्याच्या कितीतरी आधी, त्याच शुक्रवारी, ऊन कलायला लागल्यावर चारुशीलाबाई कठड्याकडे निघाल्या. आज पुन्हा लोकांना बोलवायला जावे लागेल, कसे म्हणावे, याची वाक्ये त्या मनात जुळवत होत्या.

कठड्यापाशी महादेवराव आधीच येऊन उभे होते. एकटेच. हात मागे बांधलेले होते, आणि त्या हातांत कुठून तरी मिळवलेली, लहान मुलाला घालतात तशी लाल गोंड्याची टोपी होती.

"मॅडम," त्यांनी घसा साफ करून विचारले, "आज मी नातवाला घेऊन आलो तर चालेल का?"